पेटीवर नाव आहे, पण पेटी आली कुठून?

नाताळ जवळ आला की नागपुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोन निरोप हमखास फिरतात. ‘येशूच्या कुटुंबाची कबर जेरुसलेमला सापडली, चर्चने दाबून ठेवली’ हा एक, आणि ‘पेत्राची हाडं शास्त्रज्ञांनी सिद्ध केली’ हा दुसरा (पेत्र म्हणजे येशूचा पट्टशिष्य). पाठवणाऱ्यांचं आपसात अजिबात पटत नाही, तरी गफलत दोघांचीही एकच. काळ जुळला, नाव जुळलं, की माणूस सापडला असं दोघेही धरून चालतात. पुरातत्त्वात या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि तिसरीवर पाय टेकतो तो फार थोड्या शोधांचा.

दावे तपासण्याआधी एक चांगला शोध डोळ्यांसमोर असलेला बरा. तो आपल्या जिल्ह्यातच आहे. रामटेकजवळ नगरधनच्या उत्खननात वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. लंबगोल, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब, वजन ६.४० ग्रॅम, वर ब्राह्मीत नाव आणि शंखाची आकृती. ती जमिनीतून निघाली तेव्हा अभ्यासक तिथं हजर होते. ती कुठे होती, तिच्या आजूबाजूला काय होतं, याची नोंद आहे. राणीचं नाव ताम्रपटांमुळे आधीच माहीत होतं. तिचा पुण्यात मिळालेला ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला आहे, आणि नंदिवर्धन म्हणजे नगरधन हे मत मुद्रेच्या कितीतरी आधीचं. एकमेकांशी संबंध नसलेले पुरावे एका गावावर येऊन मिळाले, म्हणून हा शोध भक्कम. तरीही त्याची मर्यादा आहे. मुद्रा म्हणजे पाठवायच्या दस्तऐवजावर उमटवलेला शिक्का, आणि दस्तऐवज गावोगाव फिरतो. राणीच्या कारभाराशी या जागेचा संबंध होता इतकं ती सांगते. महाल दाखवायचा तर भिंती वेगळ्या दाखवाव्या लागतील.

आता हीच मोजपट्टी याकोबाच्या, म्हणजे येशूच्या भावाच्या म्हणून गाजलेल्या अस्थिपेटीला लावून पाहू.

आधी ही पेटी काय असते ते. इसवी सनापूर्वी २० च्या सुमारापासून इ.स. ७० पर्यंत जेरुसलेम परिसरातल्या ऐपतदार यहुदी घरांत दफन दोन टप्प्यांत होई. प्रेत खडकात कोरलेल्या कबरीतल्या ओट्यावर ठेवायचं, वर्षभराने मांस गळून गेलं की हाडं गोळा करून चुनखडीच्या पेटीत भरायची. पेटी किती लांब हवी ते मांडीच्या हाडावरून ठरे, कारण शरीरातलं सर्वांत लांब हाड तेच. नाव बहुधा घरचाच कोणी खिळ्याने ओरखडून टाकी. त्यामुळे अक्षरं वेडीवाकडी असणं हा संशयाचा मुद्दा होत नाही, उलट फार रेखीव लेख दिसला तर जरा थबकावं. अशा पेट्या शेकड्यांनी मिळाल्या आहेत. एल. वाय. रहमानी यांनी १९९४ साली छापलेल्या एकाच सूचीत ८९७ आहेत.

ऑक्टोबर २००२ मध्ये वॉशिंग्टनला पत्रकार परिषद झाली आणि फ्रेंच लिपितज्ज्ञ आंद्रे लेमेर यांनी वाचलेला एक अरामी लेख जगापुढे आला: ‘याकोब, योसेफाचा मुलगा, येशूचा भाऊ’. पेटी सुमारे ५० सेंटिमीटर लांब, मालक तेल अवीवचे संग्राहक ओदेद गोलान. कॅनडातल्या टोरोंटोच्या रॉयल ओंटारियो संग्रहालयात ती मांडायची ठरली, तर वाटेतच तिला तडे गेले. ते बुजवून प्रदर्शन झालं आणि लोकांनी रांगा लावल्या.

पेटी कोणत्या कबरीतून निघाली, हा पहिला प्रश्न. त्याला उत्तरच नाही. ती बाजारातून आलेली. गोलान यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी ती १९७० च्या दशकात जेरुसलेममधल्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. हे दशक महत्त्वाचं आहे, कारण इस्राएलच्या १९७८ च्या कायद्यानुसार त्यानंतर जमिनीतून निघालेली पुरावस्तू सरकारची. खरेदी आधीची असेल तर पेटी मालकाची, नंतरची असेल तर जप्तीची. म्हणजे तारखेवर मालकी अवलंबून, आणि तारीख सांगणारा स्वतः मालकच. याचा अर्थ तो खोटं बोलतो असा नाही. पण अशा वेळी त्याच्या शब्दाला पुराव्याचं वजन देता येत नाही. जागा गेली की थर गेला, सोबतची भांडी-नाणी गेली, शेजारच्या पेट्यांवरची नावं गेली. मग हातात उरतो एक दगड आणि एक ओळ.

दगड जुना आहे याबद्दल फारसं कोणी भांडत नाही. भांडण ओळीचं आहे. दमट गुहेत चुनखडीवर पाणी झिरपून कॅल्शियम कार्बोनेटचं पातळ पुट चढतं. त्याला पॅटिना म्हणतात. लेख जुना असेल तर हे पुट पृष्ठभागावरून अक्षरांच्या खाचेत सलग उतरलेलं दिसायला हवं. नंतर कोरलेलं अक्षर पुट फोडून आत जातं, कडा ताज्या दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली पहिली नजर इथेच टाकतात. लबाडी करणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. तो दगडाची भुकटी पाण्यात कालवून खाचेत थापतो आणि गरम करून पक्की करतो. ती पकडायची तर ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे वजनाने हलक्या-जड अणूंचं प्रमाण मोजतात. कार्बोनेट ज्या पाण्यातून साकळलं त्याच्या तपमानाची खूण ऑक्सिजन-१८ आणि ऑक्सिजन-१६ यांच्या प्रमाणात राहते. पाणी गरम, तर १८ कमी. इस्राएलचे अभ्यासक अव्नेर अयालोन, मिरा बार-मॅथ्यूज आणि युवाल गोरेन यांना अक्षरांतल्या पुटाचं प्रमाण जेरुसलेमच्या गुहांत नैसर्गिकरीत्या येईल त्यापेक्षा वेगळं आढळलं. पेटीच्या इतर पृष्ठभागाचं मात्र जुळत होतं. जून २००३ मध्ये पुरातत्त्व विभागाच्या समितीने लेख अलीकडचा ठरवला.

पण ही चाचणी वाटते तितकी निखळ नाही. पेटी कोणी साबण-ब्रशने घासली असेल, तर खाचेतलं जुनं पुट निघून जातं आणि गरम पाण्याने धुतल्याच्या खुणा बनावटीसारख्याच दिसू शकतात. पुढे गोलान यांच्यावर बनावटीचा खटला झाला, त्यात बचाव पक्षाचा युक्तिवाद हाच होता, आणि काही अक्षरांत जुन्या पुटाचे अवशेष आहेत असं सांगणारे तज्ज्ञही त्यांनी उभे केले. भरीस भर म्हणजे तपास करणाऱ्या पोलीस प्रयोगशाळेने लेखाचा साचा घ्यायला त्यावर सिलिकॉन ओतलं आणि ते सोलताना अक्षरांतला थरच उचकटून आला. ज्याच्यावर निकाल अवलंबून, तेच तपासात गेलं. जुन्या वस्तूवर साचा घेण्याआधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात चाचणी घ्यायची, हे संग्रहालयातला कोणीही सांगेल.

खटला सात वर्षं चालला. १४ मार्च २०१२ रोजी न्यायाधीश आहारोन फर्काश यांनी गोलान यांना बनावटीच्या आरोपांतून मुक्त केलं. परवान्याविना पुरावस्तूंचा व्यवहार अशा किरकोळ आरोपांत मात्र दोषी धरलं. ‘कोर्टाने पेटी खरी ठरवली’ असं पुढे वर्षानुवर्षं लिहिलं गेलं, ते साफ चूक. फौजदारी खटल्यात आरोपीने बनावट केली हे संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं, ते झालं नाही एवढाच निकाल. यावरून लेख अस्सल ठरत नाही, हे न्यायाधीशांनी निकालातच बजावलं होतं.

आणि समजा, लेख अक्षरन्‌अक्षर खरा आहे. तरी तो कोणत्या याकोबाचा? लेमेर यांनी स्वतः हिशेब मांडला होता, तो करून पाहण्यासारखा आहे. त्यांनी धरलं की पुरुषांत याकोब नावाचे २ टक्के, योसेफ १४ टक्के, येशू ९ टक्के. याकोब असून बाप योसेफ असण्याची शक्यता ०.०२ गुणिले ०.१४, म्हणजे ०.२८ टक्के. प्रत्येकाला सरासरी दोन भाऊ धरले तर त्यातला एक येशू असण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. गुणाकार ०.०५ टक्के. जेरुसलेमची वस्ती ८०,००० आणि त्यात पुरुष ४०,००० धरले तर अशी माणसं निघतात वीस. आता नावांची टक्केवारी ताल इलान यांच्या मोठ्या नामकोशावरून घेऊ. तिथं याकोब सुमारे दीड टक्का, योसेफ आठ, येशू चार. तोच गुणाकार केला की वीसचे चार होतात. सूत्र तेच, फक्त नावं मोजायचा साठा बदलला. वीस असोत की चार, त्यातला कोणता हे पेटी सांगत नाही. ‘भाऊ’ असं लिहिणं पेट्यांवर फार दुर्मीळ आहे, म्हणून भाऊ नामांकित असणार, हा लेमेर यांचा पुढचा मुद्दा. तो दुबळा नाही. पण दफनाचा खर्च भावाने केला, कबर भावाच्या मालकीची होती, अशी साधी कारणंही तिथं बसतात.

दुसरं प्रकरण याच्या बरोबर उलट आहे. तिथं जागा चोख, निष्कर्ष मोकाट.

१९८० साली जेरुसलेमच्या पूर्व तलपियोत भागात इमारतीच्या बांधकामात एक कबर उघडी पडली. योसेफ गात यांनी ती रीतसर खणली. दहा अस्थिपेट्या, त्यांतल्या सहांवर नावं: येशू बार योसेफ (बार म्हणजे मुलगा), मरीया, योसे, मत्या, येशूचा मुलगा यहुदा आणि ग्रीक अक्षरांत मरियामेने-मारा असं काहीसं. आमोस क्लोनर यांनी १९९६ मध्ये अहवाल छापला, तेव्हा त्यांना त्यात खळबळजनक काही दिसलं नाही. २००७ मध्ये जेम्स कॅमेरॉन निर्माते असलेला माहितीपट आला आणि हीच कबर येशूच्या घरची झाली. ही येशूची कबर नसण्याची शक्यता सहाशेत एक, असा आकडा गाजला. तो संख्याशास्त्रज्ञ आंद्रे फॉयरव्हर्गर यांच्या गणितातून आला, आणि गणितात खोट नव्हती. खोट होती ती त्याला दिलेल्या गृहीतकांत. मरियामेने म्हणजे येशूची शिष्या मग्दालीया मरीयाच, योसे म्हणजे येशूचा भाऊच, हे आधी मान्य केलं तरच आकडा उभा राहतो. स्टीफन फान यांनी ती ग्रीक ओळ ‘मरियामे आणि मारा’ अशी वाचली, म्हणजे एका पेटीत दोन बायका. हे वाचन धरलं की आकड्याचा मुख्य खांबच निखळतो.

नावं किती सामान्य होती? इलान यांच्या मोजणीत त्या काळच्या यहुदी बायकांत साधारण पाचातली एक मरीया. ‘येशू बार योसेफ’ कोरलेली आणखी एक पेटी सुकेनिक यांनी १९३१ सालीच जाहीर केली होती. शिवाय सगळे सरळ गुणाकार करतात, पण घरातली नावं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. आपल्याकडच्या कोणत्याही मतदार यादीत वडिलांचं नाव दशरथ असलेली माणसं वेगळी काढा. त्यांत राम आणि लक्ष्मण एकूण यादीपेक्षा जास्त भरतील, कारण नाव ठेवताना बापाच्या नावाची संगत पाहिली जाते. दशरथाची टक्केवारी गुणिले रामाची टक्केवारी केली तर ‘राम दशरथ’ खऱ्यापेक्षा दुर्मीळ वाटेल. यहुदी घरांतही आजोबा-काकांची नावं पुन्हा ठेवत आणि कुलपुरुषांची नावं एकत्र येत.

डीएनएचा भाग तर आणखी पोकळ. पेट्यांच्या तळातल्या गाळातून फक्त दोघांचा मायटोकाँड्रियल, म्हणजे केवळ आईकडून येणारा डीएनए घेतला, ‘येशू’ आणि ‘मरियामेने’ यांचा. आईकडून नातं नाही असं निघालं. ‘म्हणजे नवरा-बायको’ हा निष्कर्ष माहितीपटवाल्यांचा. आईकडून नातं नसलेली माणसं घरात ढीगभर असतात: सासू, सून, चुलत बहीण, सावत्र मुलगी. इतर पेट्यांची तुलनाच केली नाही. त्यातून एका पेटीत एकाहून अधिक माणसांची हाडं भरायची पद्धत होती, त्यामुळे तळातला गाळ नेमका कोणाचा हाही प्रश्न उरतो.

गंमत अशी की, याकोबाची पेटी याच कबरीतली हरवलेली दहावी, असंही काहींनी मांडलं. पण दहावी पेटी क्लोनर यांच्या नोंदीत साधी, विनालेखाची आहे. आणि गोलान आपली पेटी १९७० च्या दशकातली म्हणतात, कबर उघडली १९८० मध्ये. एक दावा उचलला की दुसरा पडतो, तरी दोन्ही एकाच निरोपात फिरतात.

रोमकडे वळू, कारण तिथं पेटीऐवजी हाडं आहेत. संत पेत्राच्या महामंदिराखाली १९४० ते १९४९ उत्खनन झालं. त्यातला पक्का भाग असा: लाल गिलाव्याच्या भिंतीला टेकून एक छोटं स्मारक होतं आणि भिंतीलगतच्या गटाराच्या विटांवर मार्कुस औरेलियुस सम्राट होण्याआधीचे शिक्के आहेत. म्हणजे बांधकाम साधारण इ.स. १६० चं. पेत्राचा मृत्यू परंपरेने इ.स. ६४ ते ६७ मधला. मृत्यूनंतर शंभर वर्षांच्या आत रोमचे ख्रिस्ती लोक याच जागी पेत्राची आठवण जपत होते, हे विटांवरून सिद्ध होतं. माझ्या मते हा फार मोठा शोध आहे आणि हाडांच्या गोंधळात तोच झाकला जातो.

हाडांची हकिगत अशी. स्मारकाखाली मिळालेल्या हाडांना आधी पेत्राची मानलं गेलं. मानवशास्त्रज्ञ वेनेरांदो कोरेन्ती यांनी ती तपासली तर एकाहून जास्त माणसं निघाली, त्यात एक बाई, शिवाय गाय, मेंढी, डुक्कर, कोंबडी. मग लिपितज्ज्ञ मार्गेरिता ग्वार्दुची यांनी दुसऱ्या हाडांकडे बोट दाखवलं. शेजारच्या, ओरखड्यांनी भरलेल्या भिंतीतल्या संगमरवरी कोनाड्यातली हाडं देखरेख करणाऱ्या लुडविग कास यांनी खणणाऱ्या पथकाला न कळवता काढून लाकडी पेटीत ठेवली होती, असं त्यांचं म्हणणं. ती साठसत्तर वर्षांच्या पुरुषाची निघाली. पण कोनाड्यातून पेटीत आणि पेटीतून प्रयोगशाळेत जाईपर्यंत वर्षं गेली, आणि ही तीच हाडं हे सांगायला छायाचित्र नाही, उत्खननाची नोंद नाही, फक्त आठवणी. उत्खननातलेच एक जेझुइट अभ्यासक आंतोनियो फेरुआ यांनी हे शेवटपर्यंत मानलं नाही. ‘पेत्र इथं आहे’ असं ग्वार्दुचींनी वाचलेला गिलाव्याचा तुकडाही नेमका त्या अक्षरांपुढेच तुटलेला आहे, त्यामुळे वाक्य तिथं संपतं की पुढे चालू होतं हे ठरत नाही. पोप बारावे पायस १९५० मध्ये हाडांबद्दल खात्रीने सांगता येत नाही असं म्हणाले होते. १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी ती ओळखली गेल्याचं जाहीर केलं. चर्चने दडपल्याची गोष्ट रंगवणाऱ्यांनी पायस यांचा हा सावधपणा एकदा वाचावा.

पौल या आद्य ख्रिस्ती धर्मप्रसारकाच्या बाबतीत रोमच्याच भिंतीबाहेरच्या महामंदिराखालच्या दगडी शवपेटीत बारीक भोक पाडून आतले कण काढले. २००९ मध्ये जाहीर झालं की हाडांचे कण पहिल्या-दुसऱ्या शतकातले आहेत, सोबत जांभळं कापड आणि धूप. दाव्याशी हे विसंगत नाही. पण कार्बन-१४ काय मोजतं ते नीट समजून घ्यायला हवं. जीव मेल्यावर त्यातला कार्बन-१४ घटत जातो. हाडातलं कोलॅजन हे प्रथिन वेगळं काढून तो मोजायचा आणि झाडांच्या वलयांवरून बनवलेल्या वक्ररेषेवर बसवायचा. उत्तर येतं ते वर्षांच्या पट्ट्यात, बहुधा शतकाहून रुंद. त्या पट्ट्यात मेलेला रोमन साम्राज्यातला प्रत्येक माणूस बसतो. हाडावर मेण, डिंक किंवा हाताळणीचा मळ असेल तर पट्टा सरकतो, म्हणून आधीची रासायनिक सफाईच निम्मं काम असते. दगडाच्या पेटीला तर ही चाचणी लागूच नाही, कारण चुनखडीतला कार्बन कोट्यवधी वर्षांचा. ‘पेटीची कार्बन चाचणी झाली’ असं वाक्य दिसलं की लिहिणाऱ्याला विषय कळलेला नाही असं खुशाल समजावं.

ही चाचणी नकार मात्र ठणकावून देते. रोमच्या सांती आपोस्तोली चर्चमध्ये फिलिप्प आणि याकोब या प्रेषितांचे म्हणून जपलेले अवशेष आहेत. २०२१ मध्ये डेन्मार्कच्या कारे लुंड रासमुसेन यांच्या गटाने याकोबाच्या समजल्या जाणाऱ्या मांडीच्या हाडाची तारीख छापली: इ.स. २१४ ते ३४०. झाला निकाल, ते हाड प्रेषिताचं नाही. येशूचं म्हणून जपलेल्या तुरिनच्या कफनाचंही १९८८ मध्ये असंच झालं. ऑक्सफर्ड, झुरिच आणि अ‍ॅरिझोना, तिन्ही प्रयोगशाळा मिळून १२६० ते १३९०.

होकाराची अडचण बल्गेरियातल्या उदाहरणात दिसते. २०१० मध्ये काळ्या समुद्रातल्या स्वेती इव्हान बेटावर जुन्या चर्चच्या वेदीखाली छोटी संगमरवरी पेटी मिळाली, जवळच संत योहानाचं नाव कोरलेली दुसरी. ऑक्सफर्डने बोटाच्या हाडाची तारीख काढली ती पहिल्या शतकाची, आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा काळही तोच. इथं उत्खनन रीतसर, तारीख चोख, नावही लिहिलेलं. तरी शंका उरते, कारण नाव लिहिलं ते त्याच्या मृत्यूनंतर काही शतकांनी, अवशेष जमवण्याची लाट आल्यावर. त्या लाटेत पॅलेस्टाइनमध्ये जुन्या कबरी उघडणाऱ्याला पहिल्या शतकातली हाडं मिळणारच, कारण त्या कबरी त्याच काळातल्या. हाड अस्सल, काळ अस्सल, आणि नाव दुसऱ्याने चिकटवलेलं, असं अगदी सहज घडू शकतं. योहानाचं शिर म्हणून दमास्कस, रोम आणि फ्रान्समधलं आमियां, तिन्ही ठिकाणी काही ना काही पूजलं जातं ते उगाच नव्हे.

विदर्भातल्या शिळावर्तुळांतही, म्हणजे दगडांची वर्तुळं रचलेल्या प्राचीन दफनांतही हाडं मिळतात, जुनापाणीला, माहुरझरीला. तिथं असा वाद कधी पेटला नाही, कारण चिकटवायला नावच नाही. (नागपूरकरांना हिस्लॉप म्हणजे कॉलेज. तो मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची वर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात वाहून गेला. या हाडांना त्यालाही नाव देता आलं नसतं.)

आपल्या देशातले दावे वेगळे, कारण त्यात उत्खनन जवळजवळ नाहीच. श्रीनगरच्या खानयार भागातला रोजाबल हा दर्गा येशूची कबर असल्याचं १८९९ च्या सुमारास मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडलं. मराठीत यावर भरपूर लिहिलं-बोललं जातं. तिथं युझ आसफ नावाच्या संताची कबर आहे, तिचा उल्लेख अठराव्या शतकातल्या काश्मिरी इतिहासात मिळतो. पहिल्या शतकापासून तिथवरची सतराशे वर्षं कोरी. जमिनीखाली काय आहे हे कोणी खणून पाहिलेलं नाही. लडाखच्या हेमिस मठात येशूचं चरित्र वाचल्याचं रशियन प्रवासी निकोलस नोटोविच यांनी १८९४ मध्ये छापलं. पुढच्याच वर्षी जे. आर्चिबाल्ड डग्लस हेमिसला गेले, तर मठाधिपतींनी असा ग्रंथ असल्याचं साफ नाकारलं. या दाव्याचं आयुष्य एका वर्षात संपायला हवं होतं.

येशूचा शिष्य थोमा याची गोष्ट इतकी झटकून टाकण्यासारखी नाही. परंपरा म्हणते तो इ.स. ५२ मध्ये केरळात उतरला आणि मैलापूरला मारला गेला. सिरियाक भाषेतल्या तिसऱ्या शतकातल्या कथेत तो गोंडोफरेस राजाकडे जातो. हा राजा कल्पित वाटायचा, पण त्याची नाणी निघाली आणि तख्त-इ-बाहीचा शिलालेखही मिळाला. राजा खरा ठरला, काळही जुळला. मात्र त्याचं राज्य वायव्येला, केरळात नव्हे. केरळात पट्टनमला २००७ पासून झालेल्या उत्खननात रोमन कुंभ सापडले. म्हणजे जहाजं येत होती, प्रवास शक्य होता. शक्य असण्याचा पुरावा घडल्याचा पुरावा म्हणून खपवला जातो, तो इथं. भारतातल्या ख्रिस्ती समाजाचा हातात धरता येईल असा दस्तऐवज कोल्लमचा ताम्रपट, इ.स. ८४९ चा.

हीच शिस्त घरातही पाळावी लागते. मनसरच्या टेकडीशी नागार्जुनाचं नाव लोक जोडतात, आणि उत्खननात ‘प्रवरेश्वरस्य’ (वाकाटक राजा प्रवरसेनाच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या देवाची) अशी अक्षरं असलेली मुद्रा मिळाली. मुद्रेचं वजन लोकस्मृतीपेक्षा जास्त, हे पेत्राच्या हाडांना लावलेल्या नियमानेच ठरतं. एकाला लावायचा आणि दुसऱ्याला सोडायचा, असं चालत नाही.

बातमी वाचताना आधी तारीख पाहावी. ईस्टर किंवा नाताळच्या आठवड्यातली असेल, तिच्यामागे माहितीपट असेल आणि उत्खननाचा अहवाल ‘लवकरच’ असेल, तर अहवाल येईपर्यंत ती बाजूला ठेवावी. मग वस्तू कोणाच्या हातून आली ते शोधावं. ‘खासगी संग्रहातून’ हे दोन शब्द बहुधा चौथ्या परिच्छेदात लपलेले असतात. लेखाचं छायाचित्र असेल तर तुटलेली अक्षरं चौकटी कंसात दाखवली आहेत का ते बघावं. कंसातलं म्हणजे अभ्यासकाने भरलेलं. निम्मं नाव कंसात असेल तर निम्मा शोध अंदाजाचा.

म्हणजे ही माणसं झालीच नाहीत का? असा निष्कर्ष काढणारेही नागपुरात भेटतात, आणि तो याहून कच्चा आहे. पहिल्या शतकातल्या गरीब कोळ्या-सुतारांचे कोरीव लेख सापडावेत अशी अपेक्षाच चूक. कोरले जात ते अधिकारी. येशूला शिक्षा देणारा रोमन अधिकारी पिलात याचं नाव १९६१ मध्ये कैसरियाच्या रंगमंदिरात मिळालं, तेही पायरी म्हणून उलटवून बसवलेल्या दगडावर. आंतोनियो फ्रोवा यांच्या इटालियन पथकाने तो काढला. दगड खणताना मिळाला, पुन्हा वापरलेला होता, आणि त्याने पिलाताचं पद ‘प्रीफेक्ट’ होतं हे सांगितलं, तर इतिहासकार टॅसिटस त्याला ‘प्रोक्युरेटर’ म्हणून गेला होता. करिंथच्या एरास्तुस लेखाचं उलट झालं. १९२९ मध्ये मिळाला तेव्हा तो पौलाच्या पत्रातला एरास्तुसच, असं ठरून गेलं. पण पत्रातलं पद आणि लेखातलं पद एक नाही, आणि अलीकडे तो लेख दुसऱ्या शतकातला असल्याचंही मांडलं गेलंय.

पौलाच्या आयुष्याची सर्वांत घट्ट तारीख मात्र ग्रीसमधल्या डेल्फीच्या एका फुटक्या लेखातून येते. त्याचे पहिले चार तुकडे १९०५ मध्ये छापले गेले, पुढे नऊ झाले. ते सम्राट क्लौदियुस याचं पत्र आहे, त्याच्या सव्विसाव्या जयघोषाच्या (विजयानंतर सैन्य सम्राटाचा करी तो) काळातलं, आणि त्यात प्रोकॉन्सल, म्हणजे प्रांताधिपती गल्लियो याचं नाव येतं. यावरून गल्लियो इ.स. ५१-५२ च्या सुमारास ग्रीसमधल्या अखया प्रांतावर होता असं निघतं, आणि करिंथमध्ये पौलाला याच गल्लियोपुढे उभं केलं होतं असं बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. नऊही तुकड्यांत पौलाचं नाव कुठेच नाही.